आकड्यांचा मोंढा : कुण्या गावचा हा आकडा?

मागच्या अंकात मी नुसते आकडे छापून दिले होते. पुढं ना मागं काही, फक्त 'ओळखा पाहू'. ४३,५६०. ६१७४. १५२२. ११,५७४. २९,९७,९२,४५८. ९८.६. ३९२७. १७२९. पत्रं एवढी आली की पोस्टमननं विचारलं, "बाई, घरात लग्न काढलंय का?"

माझे आबा परभणीच्या मोंढ्यात एका अडतीवर मुनीम होते. त्यांच्या चोपडीतला एखादा आकडा मी मोठ्यानं वाचला की ते म्हणायचे, "पोरी, आकडा कुण्या गावचा ते आधी इचार." म्हणजे तो रुपये आहे, पोती आहेत का हमाली. पुढं बत्तीस वर्षं गणित शिकवलं, पण त्याहून कामाचं वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. आता पत्रं.

"४३,५६० वाचला अन् जेवता जेवता ओरडलो, एकर! पण आमचा धाकटा म्हणतो, असा तिरपागडा आकडा ठरवला कुणी? सरळ पन्नास हजार फूट का नाही केला?" — एक शेतकरी, माजलगाव तालुका

तुमच्या धाकट्याला माझ्याकडून शाबासकी. आकडा तिरपागडा दिसला की तो मुळात कुठंतरी सरळ असतो, हे त्याला लवकर कळलेलं बरं.

इंग्लंडात १६२० च्या सुमारास एडमंड गुंटर नावाच्या गणितज्ञानं जमीन मोजायला शंभर कड्यांची साखळी वापरात आणली. तिची लांबी ६६ फूट. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब एवढा पट्टा म्हणजे एक एकर. ६६ गुणिले ६६० करा, ४३,५६० येतात. साखळीच्या हिशेबात तो साधा 'दहा' आहे. फुटात आणला की तिरपागडा होतो.

आणि आपला गुंठा म्हणजे अर्ध्या साखळीचा चौरस. ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. (गुंटर आणि गुंठा सारखे ऐकू येतात म्हणून त्यांची सोयरीक जुळवू नका.)

आता सातबाऱ्याकडं या. सातबारा हा काही अपूर्णांक नाही, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एका कागदावर आले म्हणून ते नाव. सातवीतल्या एका लेकरानं मला विचारलं होतं, "बाई, सात भागिले बारा म्हणजे ०.५८, मग उरलेली जमीन कुणाची?" त्या दिवशी मला वर्गात हसू आवरलं नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं हेक्टर आणि आर मध्ये. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, फुटात साधारण १०७६. गुंठा १०८९ आणि आर १०७६. फरक तेरा चौरस फुटांचा, एका बाजेची जागा. म्हणून गावात सर्रास दोन्ही एकच समजतात.

आमच्या घरात या तेरा फुटांनी दोन उन्हाळे खाल्ले. आजोबांची पाच एकर जमीन, म्हणजे दोनशे गुंठे, हे सगळ्यांच्या तोंडपाठ. उतारा काढला तर त्यावर २ हेक्टर ०२ आर. चुलत्यांनी वाचलं, दोनशे दोन गुंठे! मग वरचे दोन गुंठे आले कुठून? शेजारच्याचा बांध कोरला, असं एक म्हणणार. धाकट्यानं कागदात घुसवले, असं दुसरा म्हणणार. बोलणं बंद. एका लग्नात तर पंगतही वेगळी बसली. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. ओट्यावर बसून पाटीवर मांडलं : २०० गुंठे गुणिले १०८९ म्हणजे २,१७,८०० चौरस फूट. पाच एकर म्हणजे २०२.३४ आर, तेही तेवढेच फूट. जमीन तीच, बांध बोटभरही हलला नव्हता, फक्त आकड्यानं गाव बदललं होतं. चुलते पाटीकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मंग हे आधी का नाही सांगितलं?" जसं काही मी दोन वर्षं लपवून ठेवलं होतं.

तुमच्या धाकट्यासाठी आणखी एक. १०८९ हाच आकडा गणितातही नावाजलेला आहे, आणि त्याचा जमिनीशी काडीचा संबंध नाही. तीन आकडी संख्या घ्या, पहिला अंक शेवटच्यापेक्षा निदान दोननं मोठा हवा. समजा ७५२. उलटी करा, २५७. वजाबाकी ४९५. ती उलटी करा, ५९४. बेरीज करा : १०८९. कुठलीही घ्या, १०८९ च. पहिल्या वजाबाकीत उत्तर नेहमी ९९ च्या पाढ्यातलं येतं. मधला अंक ९, आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९. उलटून मिळवलं की शतकाला ९, दशकाला १८, एककाला ९. झालं. गुंठ्याचा १०८९ माणसानं ठरवलेला आहे. हा दुसरा कुणी ठरवला नाही, तो असाच आहे. दोघं एका नावाचे निघाले हा निव्वळ योगायोग.

"६१७४ मला येतो, कापरेकर स्थिरांक. मी २१११ घेतला तर २१११ वजा १११२ बरोबर ९९९ आले. मग ९९९ वजा ९९९ शून्य. म्हणजे कापरेकर चुकले का?" — इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, औसा

लेकी, 'कापरेकर चुकले का' असं विचारायला धाडस लागतं. ते तुझ्याकडं आहे. पण चुकलीस तू, आणि फार मौजेच्या जागी चुकलीस.

इतर वाचकांसाठी : चार अंकी संख्या घ्यायची, चारी अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावून मोठी संख्या, चढत्या क्रमानं लावून लहान संख्या, मोठीतून लहान वजा. जे येईल त्याचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतो आणि पुढं तोच तो राहतो.

तुझे ९९९ हे तीन अंक नाहीत, ०९९९ असे चार आहेत. डावीकडचं शून्य आपण एरवी खाऊन टाकतो, इथं त्याला ताटावर बसवायचं. मग ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१. ९९८१ वजा १८९९ बरोबर ८०८२. ८८२० वजा ०२८८ बरोबर ८५३२. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. पोचलीस. तीन अंकांवर हाच खेळ केला तर ४९५ वर येऊन थांबतो. वर माजलगावच्या उत्तरात तो सहज येऊन गेला, बघ.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते. जन्म डहाणूचा, १९०५ चा. ना मोठी पदवी, ना विद्यापीठातली खुर्ची. ६१७४ चा हा गुण त्यांना १९४९ मध्ये सापडला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठं जगाला हे गुरुजी ठाऊक झाले. आपल्याकडं तोवर त्यांना बरेच जण आकड्यांशी खेळणारा विक्षिप्त माणूस समजत. शाळामास्तरांच्या नशिबी एवढं असतंच.

त्यांच्या नावाच्या संख्याही आहेत. ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडा, २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. म्हणजे २०२५ हे सालच कापरेकरांचं होतं. पुढचं असं साल ३०२५ (५५ चा वर्ग, ३० अधिक २५), तेव्हा हे सदर दुसरं कुणीतरी लिहीत असेल.

सराव पाहिजे तर बसस्टँडवर बस. मी अजूनही गाड्यांच्या पाट्यांवर ६१७४ काढते. परवा ४४८१ नंबरची एसटी होती, चौथ्या पायरीला आली. वाहकानं घंटी द्यायच्या आत माझं उत्तर तयार. आणि जुन्या लाल एसटीवर एमएच-२० (छत्रपती संभाजीनगरचा क्रमांक) दिसलं तर ती औसा आगाराची असली तरी बहुधा चिकलठाण्याच्या कार्यशाळेत बांधलेली असते, हेही त्यातच कळतं.

"मॅडम, १५२२ आमच्या पैठणचा, नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाचा. धरणात १५२२ फूट पाणी झालं की ते भरलं. पण ११,५७४ काही केल्या ओळखू येईना. तोही पाण्याचाच का?" — एक सेवानिवृत्त कर्मचारी, पैठण

पाण्याचाच. पण आधी तुमच्या १५२२ शी थोडं भांडू द्या. धरणात १५२२ फूट पाणी कधीच नसतं. धरणाची उंचीच चाळीसेक मीटर. १५२२ फूट ही पाण्याच्या पातळीची समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. जायकवाडी तुडुंब भरलं की पाण्याचा वरचा पापुद्रा मुंबईच्या समुद्राहून १५२२ फूट वर असतो, एवढाच त्याचा अर्थ. पेपरात 'पाणीपातळी १५१० फूट' वाचून बाहेरचा माणूस घाबरतो, आणि आपण 'अजून बारा फूट पाहिजे' म्हणून आभाळाकडं बघतो. आकडा एकच, गाव वेगळं.

आता ११,५७४. धरणात किती पाणी साठतं ते टीएमसीत सांगतात, म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, शंभर कोटी घनफूट. नदीला किती सोडलं ते क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक साठ्याचा आकडा, दुसरा धारेचा. या दोघांची गाठ कोण घालून देतं? दिवसाचे सेकंद : २४ गुणिले ६० गुणिले ६०, ८६,४००. शंभर कोटी भागिले ८६,४०० बरोबर ११,५७४. म्हणजे दिवसभर ११,५७४ क्युसेकनं पाणी आलं तर धरणात एक टीएमसी पडतं. जवळपास साडेअकरा हजार लक्षात ठेवा. नाशिककडच्या धरणांतून पाणी सुटल्याची बातमी आली की क्युसेकचा आकडा साडेअकरा हजारांनी भागायचा. २३ हजार चालू असेल तर दिवसाला दोन टीएमसी, वाटेत काही मुरलं-जिरलं नाही असं धरून. नाथसागराची एकूण क्षमता १०२ टीएमसीच्या आसपास, त्यातलं सुमारे २६ टीएमसी मृतसाठा, तो दारांखालीच राहतो. चहाच्या टपरीवर हा भागाकार करून दाखवा, बातम्या सांगणाऱ्याहून तुमची किंमत वाढेल.

पाण्याचा आणखी एक आकडा मला फार आवडतो, आणि तो कुठल्याच यादीत नसतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे किती पाणी पडलं? हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, मिलिमीटर म्हणजे मीटरचा हजारावा भाग. दहा घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटर. दहा हजार लिटरचा एक अख्खा टँकर! एकराला चार हजार लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. सगळ्या देशानं ती टीव्हीवर पाहिली. तेवढं पाणी म्हणजे पन्नास हेक्टरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे अंगणातली धूळ नीट बसत नाही एवढा शिंतोडा! हे गणित मी त्या उन्हाळ्यात फळ्यावर मांडलं तेव्हा वर्ग गप्प झाला होता. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "म्हंजे छपरावरचं अडवायला पाहिजे." दहावीला गणितात पस्तीस मिळवून कसाबसा सुटला तो पोरगा.

"स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. प्रकाशाचा वेग, ॲव्होगाड्रो, ९८.६, २७३.१५... डोकं भणभणतं. पाठ करायची काही युक्ती आहे का? आणि प्रकाशाचा वेग तीन लाख किलोमीटर लिहिला तर चूक धरतात का?" — एक विद्यार्थी, नांदेड

पाठांतराची युक्ती माझ्याकडं नाही. ओळखायची आहे : आकड्याची शेपटी बघायची.

९८.६ घ्या. ताप मोजायचा काच-पारा घरात होता त्या पिढीला तो झोपेतही येतो. माणसाच्या अंगाचं तापमान दशांशापर्यंत एवढं नेमकं असतं का? सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं, तुमचं वेगळं, माझं वेगळं. मग पॉइंट सहा आला कुठून? एकोणिसाव्या शतकात वुंडरलिख नावाच्या जर्मन डॉक्टरनं पुष्कळ रुग्णांची तापमानं घेऊन सरासरी सांगितली, ३७ अंश सेल्सिअस. तो गोल, ढोबळ आकडा फॅरनहाइटमध्ये नेला : ३७ गुणिले ९ भागिले ५, अधिक ३२. आले ९८.६. पॉइंट सहा ही अचूकता नव्हे, ती प्रवासाची धूळ आहे. जायकवाडीचंही तेच : मीटरमध्ये तीच पूर्ण पातळी ४६३.९०६ अशी छापतात. एवढी बारकाई पाहून छाती दडपते, पण ते आपले १५२२ फूटच, कोट घालून आलेले. शेपूट लांब आणि वस्तू ढोबळ दिसली की समजायचं, हा आकडा दुसऱ्या मुलखातून आलाय.

याच्या उलट प्रकाशाचा वेग. सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. शेपूट एवढी मोठी, पण इथं दशांशही नाही, एकदम पूर्णांक! निसर्ग असा मीटरमध्ये पूर्णांक देईल का? तर नाही. १९८३ मध्ये उलटा व्यवहार झाला. प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर जातो तो मीटर, अशी मीटरचीच व्याख्या केली. त्यामुळं हा वेग आता मोजत नाहीत, तो ठरलेला आहे. ॲव्होगाड्रोचा आकडा रसायनशास्त्रातला, एका मोलमध्ये किती कण ते सांगणारा. त्याचंही २०१९ मध्ये तसंच झालं. ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, यापुढं मागं काही नाही. आधी तो मोजायचा आकडा होता, आता नेमून दिलेला आहे.

तीन लाख किलोमीटर लिहिलं तर फरक हजारात एकाहूनही कमी. गणित सोडवताना खुशाल वापरा. पर्यायांत दोन्ही दिले असतील तर मात्र शेपूटवाला निवडा. गुरुत्वीय त्वरण ९.८ च लिहा, शाळेत दहा धरून चालायचं ते हिशेब सोपा व्हावा म्हणून. बाकीच्यांना एकक विचारत जा. २७३.१५ ला विचारलं की तो सांगतो, मी सेल्सिअसला केल्व्हिनच्या घरी पोचवतो. १७२९ ला एकक विचारलं तर तो सांगतच नाही, कारण त्याला ते नाहीच. एकाचा घन अधिक बाराचा घन, आणि नवाचा घन अधिक दहाचा घन, एवढीच त्याची ओळख. गणितज्ञ रामानुजन आणि हार्डींच्या १७२९ नंबरच्या टॅक्सीची गोष्ट तुम्हाला येत असेलच, ती मी पुन्हा सांगत बसत नाही.

"बाई, तुमच्या यादीत ३ वाजून ५६ मिनिटं नव्हतं. आमच्याकडं तो आकडा शेंबड्या पोरालाही ओळखू येतो." — एक वाचक, लोहारा तालुका

खरंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपली होती. आम्ही परभणीला होतो, मांडणीवरची पितळी भांडी आपोआप वाजली आणि आबा अंधारात "कोण हाय?" म्हणून ओरडले. किल्लारी आणि सास्तूरचं नाव सकाळी रेडिओवर ऐकलं.

तुम्ही पत्रात पुढं विचारलंय की भूकंप कुठं ६.२ छापतात तर कुठं ६.४, खरा कोणता. मोजायच्या पद्धती एकाहून अधिक आहेत, कुणी एका प्रकारच्या लाटेवरून मोजतं, कुणी दुसऱ्या. म्हणून दोन्ही छापून येतात. आणि हे आकडे आपल्या फूटपट्टीसारखे चालत नाहीत. एक पायरी वर गेलं की हादऱ्याची नोंद दहापट होते आणि ऊर्जा साधारण बत्तीसपट. दोन पायऱ्या म्हणजे हजारपट. त्या मानानं किल्लारीचा भूकंप जगातल्या थोरल्या भूकंपांत बसत नाही. तो जमिनीखाली फार खोल नव्हता, भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन हात जाडीच्या, आणि वेळ साखरझोपेची. ६.२ मध्ये यातलं काहीच दिसत नाही. तुमच्या ३.५६ मध्ये निदान शेवटचं तरी दिसतं.

"३९२७ म्हणजे भास्कराचार्यांचा पाय (π, परीघ भागिले व्यास), बरोबर ना? पण मग शाळेत २२/७ शिकवून आपण मुलांना चुकीचं शिकवतो का?" — एक शिक्षक, बीड

बरोबर ओळखलंत, गुरुजी. या आकड्याचं पहिलं बरोबर उत्तर तुमचंच. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त परीघ काढायला व्यासाला ३९२७ नं गुणून १२५० नं भागा असं सांगितलं आहे. म्हणजे ३.१४१६. आणि हे आकडे त्यांनी आकड्यांत लिहिलेलेच नाहीत! श्लोकात येतं 'भनन्दाग्नि'. भ म्हणजे नक्षत्रं, २७. नंद ९. अग्नी ३. उजवीकडून डावीकडं वाचा : ३, ९, २७. तसंच 'खबाणसूर्य' : ख म्हणजे आकाश, शून्य, मदनाचे बाण ५, सूर्य १२. उलटं वाचा, १२५०. हे नववीच्या वर्गात एकदा करून बघा. सगळी पोरं आपापल्या मोबाइल नंबरचे श्लोक करायला लागतात. माझ्या वर्गातल्या एका पोरीनं 'चंद्र-डोळे-वेद' म्हणून घराचा नंबर सांगितला होता, ४२१.

आणि २२/७ भास्कराचार्यांनी त्याच श्लोकात दिलाय. पहिला सूक्ष्म, दुसरा स्थूल, पण व्यवहाराला योग्य. नऊशे वर्षांमागं केवढी समजूत! किती स्थूल ते मोजू. २८ फूट व्यासाची विहीर बांधायला घेतली. २२/७ नं परीघ आला ८८ फूट. खरा परीघ ८७.९६ फूट. चूक अर्ध्या इंचाहून कमी. गवंडी दगडांच्या सांध्यात याहून जास्त चुना भरतो. आमच्या गावचा लोहार गाडीच्या चाकाला धाव बसवताना व्यासाची दोरी तीनदा टाकून वर थोडी सोडायचा. ते 'थोडं' म्हणजे दोरीचा सातवा हिस्सा, हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "तुमच्या पुस्तकात बी हायच का हे?"

तेव्हा २२/७ चुकीचं नाही. '२२/७ म्हणजेच पाय' हे मात्र चुकीचं. त्याच्या दशांशात १४२८५७ पुन्हा पुन्हा येत राहतो, पायमध्ये काहीच असं फिरून येत नाही. १४२८५७ ला दोननं, तीननं, सहापर्यंत कशानंही गुणा, तेच सहा अंक जागा बदलून येतात. सातनं गुणल्यावर काय होतं ते पोरांनाच करू द्या, सांगू नका.

"वेरूळच्या कैलास लेण्यात सगळीकडं १.६१८ हे सुवर्ण गुणोत्तर आहे असा व्हिडिओ पाहिला. खरं का?" — एक वाचक, अंबाजोगाई

फोटोवर चौकट ठेवणारा चौकट कुठं ठेवायची ते आपणच ठरवतो. पायरी धरायची की सोडायची, कळस धरायचा की त्याच्या खालपर्यंतच, एवढी मोकळीक असली तर १.६१८ माझ्या फ्रीजमध्येही सापडतो. वेरूळचं कौतुक करायला कारागिरांनी एवढा डोंगर वरून खाली कोरून ठेवलाय, त्याला बाहेरून आकडा चिकटवायची गरज नाही.

खरंच बघायचा असेल तर सूर्यफुलाच्या शेतात जा. पिकलेलं तबक घ्या, बियांच्या वळत जाणाऱ्या ओळी मोजा. मी स्केचपेननं एकेका ओळीला टिंब देत मोजल्या होत्या, एका बाजूला वळणाऱ्या ३४ आणि दुसऱ्या बाजूला ५५. ५५ भागिले ३४ म्हणजे १.६१८. दोनदा मोजणी चुकली, तिसऱ्यांदा जमली. तोवर निम्मं तबक पोपटांनी नेलं होतं, ते वेगळं.

"सगळे परदेशी आकडे दिलेत. आपला साडेतीन कुठाय?" — एक वाचक, तुळजापूर

जगदंबेच्या गावाहून पत्र आल्यावर मी काय बोलणार! साडेतीन शक्तिपीठं, त्यातली तुळजापूर आणि माहूर ही दोन पूर्ण पीठं मराठवाड्यातच. साडेतीन मुहूर्त : पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि बलिप्रतिपदेचा अर्धा. आबांच्या पिढीला साडेतिनासाठी 'औट' असा अख्खा शब्दच होता आणि औटकीचा पाढाही : एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा. मोंढ्यात साडेतीन रुपये भावाचा हिशेब ते बोटं न मोडता करायचे. मी कागद शोधेपर्यंत पट्टी लिहून व्हायची.

आणि माणसाचा देह साडेतीन हात, हे कीर्तनात ऐकलं असेल. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, पण ज्याचा त्याचा. तुमचं पत्र वाचून मी शिवणाची टेप काढली. माझा हात भरला ४४ सेंटीमीटर. ४४ गुणिले साडेतीन, १५४. मग दाराच्या चौकटीला पाठ लावून नातवाकडून उंची मोजून घेतली. १५२ भरली. नातू म्हणतो, "आजी, दोन सेंटीमीटर तू म्हातारी झालीस."